केबलचा झोळ

देवरूख,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय निलूदादास,
योगिनीचा नमस्कार.

आई बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. बाबाही बरे आहेत. भात यंदा छान आलंय. अस्लमचाचांचा नबील बुधवारी मस्कतला परत निघतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतेय. फोनवर बोलता येत नाही. गावातून तुला फोन लावला की बाबा शेजारी येऊन बसतात, आणि इथून लावला तर तू कुठं उंचावर असशील कोण जाणे.

गेल्या आठवड्यात अकरावीला ताणाची गणितं घेत होते. दोन खांबांना दोरी बांधायची, मध्ये वजन टांगायचं. पोरांना वाटतं, दोरी जितकी ताठ तितकी भक्कम. असतं उलट. झोळ कमी कराल तसा ताण वाढतो. उदाहरण म्हणून मी आपल्या नदीवरचा झुलता पूल घेतला. मे महिन्यात रजेवर आलास तेव्हा तू त्याची केबल आवळलीस, त्याआधीचा झोळ आणि आत्ताचा. झोळ निम्मा, म्हणजे ताण जवळजवळ दुप्पट. वर माणसं, गवताचे भारे, पावसानं जड झालेल्या फळ्या. उत्तर लिहिलं आणि ते पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

पुढच्या बाकावरच्या राहीनं विचारलं, "मॅडम, मग तो पूल अजून उभा कसा?"

केबल मजबूत असेल, असं काहीतरी बोलले. पण काठावर केबल धरणारे क्लॅम्प जुनेच होते ना, दादा?

शनिवारी तडक गावी गेले. बाबांना सांगितलं तर हसले. "निल्या तिकडं रोज लोखंडातच असतो. तू आपली फळ्यावर शिकव."

मी एकटीच नदीवर गेले. केबल गंजून काळी पडलेली, पण क्लॅम्पच्या लगत बोटभर तार चकचकीत होती. म्हणजे तेवढी ती आतून सरकून बाहेर आली होती. आणि पलीकडून आई नि काशीकाकी डोक्यावर भारे घेऊन पुलावर चढल्या.

"आई, भारा टाक! नदीत टाक!"

"अगो, येडी झालीस काय? एवढं कापलेलं गवत टाकू?"

"टाक! आणि हळू ये. पळू नको!"

माझं तोंड बघून तिनं टाकला. एकेक फळी चाचपत आली. काशीकाकी मात्र मधेच कठड्याला धरून उभी राहिली, तिचे पाय उचलेनात. आईचा हात माझ्या हातात आला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चकचकीत तार लांबत गेली. मग मोठा आवाज झाला. पूल एका अंगावर कलंडला. काशीकाकी नदीत पडली.

गंगारामकाकांनी तिला वळणावर बाहेर काढलं. जिवंत आहे. कमरेचं हाड मोडलंय, रत्नागिरीला नेलंय. चालेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

काल देवळात बैठक बसली. आवळाआवळ कोणी केली, असं पोलीसपाटलांनी विचारलं. सगळे आमच्याकडे बघत होते. बाबा उठले. म्हणाले, "पोरगा नाय म्हणत होता. मीच त्याला आवळायला लावलं."

दादा, मे महिन्यात मी घरात होते. "असू दे रे, जुनी केबल हाय, हात लावू नको," असं बाबा तुला म्हणालेले मी ओटीवरून ऐकलंय. तूही ऐकलं होतंस.

घरी येताना मी विचारलं, तर एवढंच बोलले, "निल्याला कळवू नको. तो तिकडं उंचावर काम करतो. हात कापतील त्याचे."

तेव्हापासून ते जेवत नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांना पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलंय, आणि तिथंही ते हेच सांगणार. मी आज निघेपर्यंत आई माझा हात धरून बसली होती. मला आता वर्गात खडू उचलायचीसुद्धा भीती वाटते.

हे वाचून लगेच कामावर चढू नकोस. आधी जरा जमिनीवर बस. मग फोन कर, माझ्या नंबरवर. सोमवारच्या आत.

तू काय ठरवशील, या धास्तीत असलेली,
तुझीच,
योगू