धुतलंय आणि धुतच आलेय

३ जून, मंगळवार
आणि म्हणे पाहुण्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं! चादरी काय इंग्रजीत मळतात? या हॉटेलची लॉन्ड्री ओढून, ओले गठ्ठे उचलून माझी कंबर गेली. आता सुपरवायझरची जागा रिकामी झालीय, तर मॅनेजर म्हणतो, "मुलाखत इंग्रजीत, बाई. सोमवारी." वर हसतो मेला!
सूनबाई म्हणाली, "आई, मी शिकवते. रडायचं नाही."
रडणार कोण? मी?

४ जून
काम उरकलं की 'आय हॅव वॉश्ड'. सकाळपासून धुतेय आणि हात अजून ओलेच, तर 'आय हॅव बीन वॉशिंग'. एवढंच? हे तर मी जन्मभर करतेय!
नवऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ही हॅज बीन स्लीपिंग!"
डोळे न उघडता म्हणाला, "शिव्या कळतील अशा दे गं."

६ जून
सूनबाई वाक्यं घोटून घेतेय. अर्थ विचारला की, "आधी जीभ वळू दे." इस्त्री करतानाही पुटपुटत होते. शेजारची म्हणाली, "कोणाला शाप देतेयस?"

९ जून, सोमवार
मॅनेजरने काहीतरी विचारलं. माझं डोकं कोरं! तोंडाला आलं ते ठोकून दिलं — "आय हॅव बीन लुकिंग फॉर अ न्यू जॉब." झोकात!
त्याचं हसूच गेलं. एकदम आपल्या भाषेत आला. "बाई, असं नका करू हो! पुढच्या आठवड्यात सगळ्या खोल्या भरल्यात. ते मोठं मशीन तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. बघू या जागेचं."
घरी सांगितलं, तर सूनबाई ओट्याला धरून हसायला लागली. "आई, तुम्ही म्हणालात, मी कधीची नवी नोकरी शोधतेय!"
अगं बाई! मी कुठे शोधतेय?
"मग हे वाक्य शिकवलंसच का?"
"चुकून," म्हणे. चुकून कसलं! डोळे बघितले मी तिचे.

१० जून
मॅनेजरकडून जागेबद्दल अवाक्षर नाही. चहा मात्र पाठवला. माझ्यासाठी, चहा! खरं सांगायची मला काय घाई?

११ जून, बुधवार
खोटं बोललेलं मला पचत नाही. म्हणून ते खरंच करायला सकाळी समोरच्या हॉटेलात नोकरीचं विचारून आले. तिथल्या बाईने इंग्रजीचं नावसुद्धा काढलं नाही. "सोमवारपासून या. सुपरवायझर म्हणून."
आपलं जुनं मशीन सोडवत नाही, म्हणून मॅनेजरला एक संधी दिली. दारातूनच सांगितलं, "शोधत होते, आता मिळालीय. जागा देताय की नाही? शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा. नाहीतर तुमच्या चादरी तुम्ही धुवा!"