वाकलेल्या गजाची सावली

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अवनीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सारं ठीक. मंडईत मटार छान आलाय, तुमच्यासाठी सोलून फ्रीजरमध्ये ठेवलाय. धायरीला तुमच्या घरी पाणी वेळेवर येतं ना? फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर माझ्या तोंडून टोमणाच निघतो, हे तुला मी सांगायला नको.

रविवारी आमोद येऊन तुमच्या कंपनीचा गेम इथल्या तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर घालून गेला. "आई, एकदा बघ तरी. त्यातल्या सावल्या अवनीने केल्यात," म्हणाला. बघायला बसले, तर त्यातली बाई चार पावलं चालायची आणि थिजायची. कोपऱ्यात आकडा, सेकंदाला अठरा चित्रं. म्हटलं, हाच का तो पराक्रम!

मग सेटिंग्ज उघडली आणि सगळं एकदम 'लो' केलं. आकडा साठावर गेला, बाई तुरुतुरु पळायला लागली, पण चित्राचा पार बोऱ्या वाजला. भिंती पुसट, आणि अंगणातली मडकी जमिनीपासून वीतभर वर तरंगणारी. तीस वर्षं चित्रकला शिकवली गं मी. सावलीशिवाय मडकं काढलं की त्या मुलाला वर्गात उभं करायचे.

म्हणून वही घेतली आणि एकेक गोष्ट बदलून आकडा टिपत गेले. रिझोल्यूशन उतरवलं तर वेग मिळतो, पण चष्मा काढल्यासारखं दिसतं. ते परत वर नेलं. पाण्यातली प्रतिबिंबं बंद केली, गवत विरळ केलं, कोणाचं काही अडलं नाही. भिंतींचा पोत मध्यमवर. वाचलेला सगळा वेग सावल्यांना दिला, त्या 'अल्ट्रा'वर. आकडा चाळीस. मला पुरे, मला कुठे गाडी पकडायचीय?

आता ती बाई स्वयंपाकघरात शिरली. मघाशी 'लो'वर ओट्यावर नुसता राखाडी डाग होता. तिथे आता खिडकीच्या गजांची सावली होती. खिडकीपाशी कड धारदार, पुढे पुढे मऊ होत गेलेली. मला पेन्सिलीने हे कधी जमलं नाही. आणि डावीकडून तिसरा गज वाकलेला.

मी उठून आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. तिसराच.

इथे राहायचीस तेव्हा रोज सकाळी तू चहा हातात धरून ओट्याकडे बघत बसायचीस. मला वाटायचं, हिचं घरात लक्ष नाही. दिवाळीच्या फराळाला पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्या सूनबाईंना खेळण्याचा पगार मिळतो." सगळे हसले. तूही हसलीस, बशी ठेवलीस, आणि त्यानंतर या घराची पायरी चढली नाहीस.

मी चुकले, अवनी. किती सुंदर काम करतेस गं तू! माझ्याच घरातली गोष्ट मला तुझ्या गेममध्ये दिसली, आणि मी स्वतःला चित्रकलेची बाई म्हणवते.

काल सोसायटीचा माणूस खिडक्यांचे गज बदलायला आला होता. आपली खिडकी सोड म्हटलं. "आजी, वाकलाय तो," म्हणाला. "म्हणूनच," म्हटलं.

सव्वाआठला ऊन ओट्यावर येतं. शनिवारी ये. चहा थंड झाला तर दुसरा करून देईन, काही बोलणार नाही.

तुझी,
आई
(अजून म्हणावंसं वाटत असेल तर)