गप्प बसलेला खडा

४ जानेवारी, सकाळ
पोट परत. छातीच्या खाली, मधोमध, कुणी पेटती काडी टेकवल्यासारखं. तुंगार्लीच्या बंगल्यावर वीकेंडचे पाहुणे, मी मॅनेजर, आणि स्वयंपाकघरात ओटा धरून वाकलेलो. सहन करणार. माझी सहनशक्ती पहिल्यापासून जास्त आहे.
दहा मिनिटांनी. होत नाही सहन.

७ जानेवारी
सोनोग्राफी. पित्ताशयात खडा! एक, सात एमएम. तीन महिने मेहमुदा म्हणत होती, उपाशीपोटी काळा चहा बंद करा. आता बायको काय म्हणणार? रिपोर्ट पाहून म्हणाली, “चहा बंद करा.”

९ जानेवारी
डॉ. यशोधरा ओव्हाळ, सर्जन. बॅग भरूनच गेलो. बाईंनी कापायला चक्क नकार दिला. म्हणाल्या, “खडा गप्प बसलाय, त्याला बसू द्या. त्याचं दुखणं असं रोज उपाशीपोटी जळत नाही. गोळ्या कुठल्या घेता?” मी म्हटलं, गुडघेदुखीच्या, कधीतरी. (बंगल्याला बेचाळीस पायऱ्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी लागली तर. म्हणजे कधीतरीच.) त्या बंद करायच्या, ॲसिडची कॅप्सूल सहा आठवडे, आणि सोमवारी घशातून दुर्बीण घालून जठर पाहायचं.
खडा समोर दिसतोय आणि ह्या घशातून शोधणार!

११ जानेवारी
गोळी बंद. ठाम. कायमची.
दुपारी १२. पायऱ्या. एकच घेतली.

१३ जानेवारी
दुर्बिणीला गेलो नाही. पाहुणे होते. (नव्हते.)

१९ जानेवारी
बंगल्याचा माळी हौशीराम, कुरवंड्याचा. गेल्या वर्षी त्याचं पित्ताशय काढलं. म्हणाला, “उजव्या बरगडीखाली कळ निघायची, उलट्या, कावीळ झालती. गडबडा लोळायचो, नवाजभाऊ. पिशवीच काढली. आता लय हलकं वाटतंय, मटन बी पचतंय.”
माझी अगदी सेम केस. कावीळ तेवढी राहिली आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला उभं राहवलं नाही. घरी येऊन पडलो.
गफूरभाई, माझा मोठा भाऊ, वर्षभर ‘ॲसिडिटी आहे’ म्हणत राहिला. पोट उघडलं तेव्हा कॅन्सर सगळीकडे. गेला तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. मला जूनमध्ये त्रेपन्न. हे मेहमुदाला बोललो नाही. डॉक्टरलाही नाही.
सानियाला कळलंच. तळेगावला फार्मसी शिकते. म्हणाली, “अब्बा, हीच भीती असेल तर दुर्बीण करून घ्या ना. एका दिवसात कळेल.”
कळेल, म्हणूनच नको. खडा बरा. खडा काढता येतो.

३ फेब्रुवारी
हायवेवरचं दुसरं हॉस्पिटल. काचा, एसी. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “काढून टाकू.” फार मोठा माणूस. गोळ्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. सानिया म्हणाली, तेच तर विचारायला हवं होतं. दोघी मायलेकी आज माझ्याशी बोलत नाहीत.

१० फेब्रुवारी
झालं. पोटाला चार भोकं. पित्ताशय गेलं.

१४ फेब्रुवारी
चार दिवस जळजळ नाही! हॉस्पिटलात पडूनच होतो, गुडघा गप्प, त्यामुळे गोळी नाही. ॲसिडचं इंजेक्शन देत होते, पण गुण ऑपरेशनचाच. हौशीराम भेटायला आला होता, त्याची बायको रतनही. दोघांना तासभर समजावलं. म्हटलं, खडा दिसला की थांबायचं नाही, डॉक्टर नाही म्हणाला तर डॉक्टर बदलायचा.

२४ फेब्रुवारी
कामावर. पायऱ्या. गोळी. आता घ्यायला हरकत नाही, पोट दुरुस्त आहे.

२८ फेब्रुवारी
तीच जागा. तीच काडी.
भोकांमुळे असेल. हवा गेली असेल आत.

२ मार्च
पहिला रोजा. धरता आला नाही. मेहमुदाने विचारलं, “दुखतंय का?” नाही म्हटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. काढायचं ते काढलं, आता काय काढणार?

५ मार्च
सकाळी शौचाला डांबरासारखं काळं. बंगल्याच्या विसाव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी. हौशीरामने उचलून रिक्षात घातलं. मेहमुदाने थेट डॉ. यशोधरांकडे नेलं. वाटेत मी म्हणत होतो, गफूरभाई, गफूरभाई. मला आठवत नाही. ती सांगते.

८ मार्च
दुर्बीण झाली. जठरात जखम, त्यातून रक्त. दुर्बिणीतूनच बंद केलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. तुकडा तपासायला पाठवलाय. बाईंनी पुन्हा गोळ्यांचं विचारलं. मी ‘कधीतरी’ म्हणायच्या आत मेहमुदाने पर्स उलटी केली. पलंगावर अकरा रिकाम्या स्ट्रिप्स.
मी विचारलं, जखम कापून टाकता येईल का? त्या म्हणाल्या, “नवाजभाई, कापण्यासारखं काही नाही. तुम्ही खाजवायचं थांबवा, ती भरेल.”

१५ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. सानिया आधी हसली, मग रडली. नऊ आठवडे ज्याला भीत होतो ते तपासायला एक सकाळ लागली.

२२ मार्च
हौशीरामचा फोन. “रतनच्या सोनोग्राफीत खडा निघालाय. दुखत काय बी न्हाई. पर ती म्हणतीया, नवाजभाऊंनी काढला तर म्या बी काढते. डॉक्टर बदलून आलोय, तारीख बी घेतलीया.”
म्हटलं, थांब. ऑपरेशन यशस्वी झालं, असं सांगायला तोंड उघडलं होतं. मग डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं: माझं ऑपरेशन लागतच नव्हतं. खडा गप्प होता. मीच गोळ्या गिळून पोट जाळलं, डॉक्टरणीशी खोटं बोललो, दुर्बिणीला भ्यालो. रतनला म्हणावं, डॉ. यशोधरांना दाखव, त्या नाही म्हणाल्या तर घरी जा.
मी म्हटलं, बाबा, हे कुणाला सांगू नकोस.
तो म्हणाला, “न्हाई सांगत, भाऊ. पर फोन स्पीकरवर हाय. आळीतल्या समद्या बाया हितंच बसल्यात.”