काट्यावरचा लिनक्स

१ ऑक्टोबर २००९, गुरुवार

आजपासून रोज लिहिणार. मागची डायरी पोल्ट्रीच्या वेळी धरली होती, ती कोंबड्यांबरोबरच गेली. त्याआधीची आयटीआयला असताना. तिची सुरुवातीची पानं फार चांगली होती. पण आता तसं होणार नाही. आता लाइन ठरलीय. कंप्युटर.

परिस्थिती लिहून ठेवतो, पुढे मोठा झाल्यावर उपयोगी पडेल. मंचरला हायवेलगत पोपटशेठचा वजनकाटा आहे. कांद्या-बटाट्याच्या गाड्या काट्यावर चढतात, मी केबिनमध्ये बसून कंप्युटरवर गाडीनंबर टाकतो, वजन आपोआप येतं, बटण दाबलं की प्रिंटर बोंब मारत पावती काढतो. सध्या ट्रायलवर आहे. शेठ म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताची पयली पावती तुझ्या हातनं सरळ निघाली, की तू कायम. तवर नुसतं बघणार." घरी आप्पा म्हणाले, "हितनं बी हाकलला, तर भागूमामाच्या ट्रकवर क्लीनर. मी आता कुणाच्या पाया पडणार न्हाई."

मामाचा ट्रक आळेफाट्याला असतो. त्याच्याकडे क्लीनर टिकत नाही, कारण मामा शिव्या तालात देतो आणि गाडीखाली दुसऱ्याला घालतो.

मी क्लीनर होणार नाही. संकल्प: पहाटे उठणे. टायमावर जाणे. पाडव्यापर्यंत दुसरं काही डोक्यात न घेणे.

२ ऑक्टोबर

दुसरं डोक्यात घेतलं. पण त्याच लाइनमधलं आहे, म्हणजे संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

भरत पुण्याहून सुट्टीला आलाय. माझा शाळेतला दोस्त, आता इंजिनिअरिंगला आहे, तरी बोलतो. त्यानं एक पेनड्राइव्ह दाखवला. म्हणे यात लिनक्स आहे, अख्खी सिस्टीम. कुठल्याही कंप्युटरला लावून तो चालू केला की तो आपलं सोडून याचं ऐकायला लागतो. बंद करून काढून घेतलं की परत पहिल्यासारखा. मी विचारलं, मूळ मशिनला काय होत नाही ना? तर म्हणाला, "अरे, पोरगी बघायला गेल्यासारखं आहे राव. पोहे खायचे, घर न्याहाळायचं, उठायचं. शब्द देत नाही तोवर कोण धरतंय तुला?"

इतकं सोपं करून आयटीआयमध्ये एकानं जरी सांगितलं असतं तर मी तिथून पळालो नसतो.

माझी क्रिकेटची बॅट त्याला दिली, पेनड्राइव्ह मी घेतला. शब्द नेमका कसा देतात तेवढं विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात ओढ्यात कुणीतरी मोठा मासा धरल्याची आरोळी आली. जाऊन बघितलं. मासा लहान होता.

४ ऑक्टोबर, रविवार

लागला! लागला! लागला!

दुपारी काट्यावर गाडी नव्हती, शेठ जेवायला गेले होते. भरतनं कागदावर लिहून दिलं होतं तसं केलं. चालू करताना डिलीट दाबून निळ्या पानावर जायचं, तिथं पहिला नंबर पेनड्राइव्हला द्यायचा. मग पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं धो धो धावायला लागली. मी भैरोबाला नारळ बोललो. आणि आला. तपकिरी पडदा, आत्ताच शेणानं सारवल्यासारखा. आत पत्ते आहेत. चित्रं काढायचं आहे. टायपिंग आहे. व्हायरस औषधालासुद्धा नाही.

मी लगेच पडद्याचा रंग बदलून मोरपंखी केला. 'गोरख' नावाचा फोल्डर काढला आणि त्यात सगळे संकल्प टाइप केले. ही डायरीपण उद्यापासून त्यातच लिहिणार. वही बंद. वही हा प्रकार आता मागे पडला.

५ ऑक्टोबर

वही परत चालू.

फोल्डर नाही. मोरपंखी नाही. परत शेण. भरतला फोन लावला तर हसतोय. म्हणाला, "बंद केला की सगळं विसरतो तो. बघायला गेलेल्या घरात आपण चड्ड्या-बनियन ठेवून येतो का?"

आधी वाईट वाटलं. मग विचार केला, हा तर मोठा गुण आहे. मागचं काही मनात ठेवत नाही. आमच्या घरात असं एक जरी माणूस असतं तर मी आज कुठच्या कुठे असतो. आई तर मी पाचवीत हरवलेली छत्री अजून काढते.

८ ऑक्टोबर

शेठना विषय काढून बघितला. आडून. म्हटलं, शेठ, एक नवी सिस्टीम आलीय, फुकट आहे.

शेठनी चष्मा काढला. म्हणाले, "फुकट? मग बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, हौशीनं करतात. शेठ म्हणाले, "हौशीनं केल्यालं हौशीनं मोडतं. माझ्या मशिनमदी कायबी घालू नको, गोरख. चार वर्षं झाली, तक्रार न्हाई."

घालणार नाही म्हणून मी देवाशपथ सांगितलं. आणि खरंच मी आत काहीच घालत नाही. ते बाहेरूनच चालतं. तेव्हा शपथ मोडत नाही. उद्यापासून फक्त जेवणाच्या सुट्टीत.

११ ऑक्टोबर

पेनड्राइव्हला भोक आहे, त्यात काळा दोरा ओवून गळ्यात घातला. आता माझा कंप्युटर कायम माझ्याजवळ असतो. फक्त पडदा, बटणं, डबा आणि लाइट एवढं लोकांचं लागतं.

दोरा आणायला आळेफाट्याला गेलो होतो. मंचरला मिळतो, पण तिकडं जाणारी जीप समोर थांबली. तिथल्या मोबाइलच्या दुकानात एकाला सिस्टीम दाखवतो म्हटलं, तर म्हणाला, "पावणं, रिचार्ज करायचा असंल तर बोला." तेवढ्यात मामानं मला पाहिलं. भर चौकात ओरडला, "ये, क्लीनर! आलास व्हय हजर व्हायला?" मी सांगितलं की मी आता कंप्युटर ऑपरेटर आहे. मामा गाडीच्या दारावर हात आपटत हसला. "पाडवा होऊ दे. बादली आन् फडकं ठिवलंय तुझ्या नावानं." हॉटेलातली माणसंपण हसली. त्यांना मी ओळखतसुद्धा नाही.

काट्यावर पोचायला उशीर झाला. शेठना सांगितलं, गाडी पंक्चर. जीपची झाली असती तर झालीच असती.

१५ ऑक्टोबर

थोडक्यात वाचलो. पण वाचलो हे महत्त्वाचं.

जेवणाच्या सुट्टीत लिनक्सवर पत्त्यांचा डाव रंगात आला होता. सुट्टी संपली ते कळलं नाही. सावळेराम बटाट्याची गाडी घेऊन काट्यावर चढला आणि भोंगा धरून बसला. मी बंद करून परत जुनं चालू करेपर्यंत मागे हायवेपर्यंत लाइन लागली. सावळेराम खिडकीशी येऊन म्हणाला, "काय राव, वजन करतोय का माझ्या बटाट्याला मोड यायची वाट बघतोय?" मी म्हटलं, लाइट गेली होती. तो वर बघत म्हणाला, "पंखा काय वाऱ्यानं फिरतोय व्हय?"

हा सावळेराम आमच्याच गावचा आहे, पण स्वभावात गावपण नाही.

संकल्प: पाडव्यापर्यंत पेनड्राइव्ह केबिनमध्ये न्यायचा नाही. हा पक्का.

१७ ऑक्टोबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

नेला. त्याचं कारण असं की तो गळ्यातच होता.

शेठकडे लक्ष्मीपूजनाला पूर्वी वह्यांची पूजा व्हायची. आता वह्या नाहीत म्हणून कंप्युटरची होते. दुपारी काटा झाडून, मशीन पुसून ठेवायचं काम मला होतं. पुसताना म्हटलं, वर्षाचा शेवटचा एक डाव खेळून घ्यावा. डाव जिंकत आलो होतो आणि भारनियमन. खरोखरचं. पंखापण थांबला. आणि त्याच वेळी गुलाबबाई पूजेचं ताट घेऊन दारात.

गुलाबबाई म्हणजे शेठाणी. शेठ सगळ्या मार्केटला बोलतात, शेठाणी फक्त शेठना बोलतात, पण मार्केट शेठाणीला जास्त भितं. त्यांनी पडद्यावर स्वस्तिक काढलं. डब्याला हार. प्रिंटरला कुंकू. माउसला अक्षता. आणि डब्याच्या पुढे बाहेर आलेला पेनड्राइव्ह दिसला तर विचारलं, "हे काय रे नवीन?" शेठ मागेच उभे होते. मी म्हटलं, मशिनचाच पार्ट आहे. "मग याला कसं सोडायचं?" म्हणाल्या आणि त्यालापण कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं.

मी आरती झाल्यावर हळूच हात पुढं केला. शेठाणीनं हातावर चापटी मारली. "पाडव्याला मुहूर्ताची पावती निघाल्याबिगर पूजेतलं काय हलवायचं नाय. वर्षभर नाट लागतं."

लाडू चांगले होते.

१८ ऑक्टोबर

बसून शांत डोक्यानं विचार केला. निळ्या पानावर पहिला नंबर पेनड्राइव्हला आहे, तो मी परत बदललेलाच नाही. म्हणजे उद्या मुहूर्ताला मशीन चालू केलं की लिनक्स येणार. लिनक्स आला की काट्याचा प्रोग्रॅम नाही. प्रोग्रॅम नाही तर पावती नाही. पावती निघाल्याशिवाय पेनड्राइव्ह काढायचा नाही. आणि पेनड्राइव्ह काढल्याशिवाय पावती निघायची नाही.

केबिनची किल्ली शेठकडे. शेठना खरं सांगावं असं एकदा मनात आलं. सांगायला निघालोही होतो, पण मध्ये पोरं सुतळी बाँब डब्याखाली लावत होती, ती डबा चुकीचा वापरत होती.

तेव्हा उद्याचं असं ठरवलं: लिनक्सवरच पावती काढायची. एवढी सगळी सिस्टीम बनवणाऱ्यांनी वजनाचं काहीतरी ठेवलंच असेल. शोधलं नाही अजून एवढंच. एका दृष्टीनं ही संधीच आहे.

१९ ऑक्टोबर, सोमवार. पाडवा

घडलं तसं लिहितो.

शेठ पांढऱ्या कपड्यात. शेठाणी ताट घेऊन. पहिली गाडी सावळेरामची, बॉनेटला हार. मशीन चालू केलं. शेण आलं.

शेठाणी म्हणाल्या, "अगं बाई, हे सारवण कुठलं?" मी म्हटलं, नवीन वर्षाचं आहे. शेठ नुसतं म्हणाले, "पावती काढ. मुहूर्त चाललाय."

मी सगळीकडे शोधलं. पत्ते सापडले, हिशेबाचं यंत्र सापडलं, वजनाचं काही नाही. एका कोपऱ्यात 'इन्स्टॉल' असं चित्र होतं. म्हटलं, इन्स्टॉल म्हणजे बसवणे. काट्याचा प्रोग्रॅम बसलेला नाही, तेव्हा तो बसवला पाहिजे. दाबलं. त्यानं इंग्लिशमध्ये पुष्कळ विचारलं. वाचायला वेळ कुठे होता? एका ठिकाणी त्याचं म्हणणं असं होतं की अर्ध्यात बसवू का पूर्ण डिस्क वापरू. मी पूर्णला हो म्हटलं. मुहूर्ताला अर्धं काम करू नये, हे तर शेठाणीपण सांगतील.

एक पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. सगळे पट्टीकडे बघत उभे. सावळेराम खिडकीतून म्हणाला, "शेठ, पुढच्या पाडव्याची पावती बी हीच धरायची का?" मुहूर्त टळला. पट्टी भरली. मशीन आपणहून बंद होऊन परत चालू झालं, आणि परत तेच सारवण. शेठनी शेठाणीकडे न बघता पेनड्राइव्ह स्वतः उपटला. फूल खाली पडलं. मशीन परत चालू केलं.

सारवण.

आता मात्र त्याला सगळं नीट लक्षात राहत होतं.

शेठनी काट्याचा प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या माणसाला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. मी काय दाबलं ते सांगितलं. तो म्हणाला, "शेठना द्या."

चार वर्षांच्या पावत्या गेल्या. प्रोग्रॅम गेला. शेठनी पेन काढलं, कोऱ्या कागदावर वर श्री लिहिलं, काट्याच्या डब्यावरचा लाल आकडा बघून हातानंच सावळेरामला पावती दिली. मला वाटलं, मारतील. मारलं नाही. म्हणाले, "गोरख, तुला डोकं हाय रे. पण ते स्वताच्या मशिनवर चालव. उद्यापासून येऊ नको." शेठाणी म्हणाल्या, "सणाचा दिवस हाय, पोराला फराळ तरी करून जाऊ द्या." मग मी बसून करंज्या खाल्ल्या. समोर शेठ बसले होते. करंजीचा आवाज फार होतो.

२० ऑक्टोबर. भाऊबीज

नोकरी मी सोडली. तिथं वाढ नव्हती.

ओवाळताना धाकट्या बहिणीनं, आरतीनं विचारलं, "दादा, तुला काढला व्हय?" मी वरीलप्रमाणे सांगितलं. ती म्हणाली, "सावळेरामभाऊ पारावर वेगळंच सांगत व्हता. लोकांनी दोनदा सांगायला लावलं." सख्खी बहीण असून निरांजन हलवत हसत होती. आप्पांनी माझी पिशवी भरून दारात ठेवली होती.

२७ ऑक्टोबर, मंगळवार. संगमनेरच्या पुढे, धाब्यावर

मामाच्या ट्रकचा टेप नवीन आहे. त्याला कॅसेट लागत नाही, पेनड्राइव्ह लागतो. मामानं माझ्या गळ्याकडे बघितलं. "तो ताईत लाव की हिच्यात." मी समजावून सांगितलं की यात गाणी नाहीत, अख्खी सिस्टीम आहे, कुठल्याही मशिनवर चालते. मामा म्हणाला, "मंग हिच्यावर चालव."

लावून बघितला. थोडा वेळ दिवा लुकलुकला, तेवढ्यापुरती मला आशा वाटली.

मागच्या खेपेला संगमनेरला गाणी भरून देणाऱ्या दुकानदारानं विचारलं, आतलं ठेवायचंय का पुसायचंय? मी म्हटलं, त्यात फार मोठी... मामा म्हणाला, "पुस रं." माझा चहासुद्धा निवला नाही, तोवर झालं. सगळं सपाट. मग त्यानं लावण्या भरल्या, आणि त्यात त्याच्याकडची भक्तिगीतं मिसळली.

मामाला घाटात भक्तिगीत चालत नाही. टेपचं बटण माझ्या बाजूला आहे. एक लावणी संपली की पुढं काय येतंय याकडे लक्ष ठेवायचं असतं. वाटतं तेवढं सोपं नाही.

आत्ताच मामानं हाक मारली. म्हणाला, "चल, टायरावर पाणी मार, निघू. आन् काल मधीच पोथी लागली व्हती. आज तसं झालं तर खाली उतरवीन."

आज तसं होणार नाही. आजपासून पूर्ण लक्ष.