ऐनाचं पाणी

२६ मार्च १९३०, जांबोटी
पायांना फोड. ज्याच्याकडे उतरलो त्या भैरू गावड्याने उजाडायच्या आत उठवून रानात नेलं. ऐनाचं जुनं झाड, खोडावर पोटासारखी फुगीर गाठ. कोयत्याचा एक घाव आणि पाण्याची धार. ओंजळीने प्यालो. तुरट, गार. भैरूने लगेच शेणमातीचा गोळा दाबून घाव बुजवला. "एका झाडाला वर्सातनं एकच घाव, मास्तर. आनि ते बी ऊन पानाला लागायच्या आत." ऐकलं, पण मनात तोवर व्याख्यान सुरू झालं होतं.

११ एप्रिल, निपाणी
तंबाखूच्या वखारीमागे सभा. ऐनावर बोललो. ज्या रानात पाऊल टाकायला सरकार मनाई करतं, ते रान आपल्याला पाणी पाजतं, वगैरे. टाळ्या थांबेनात. रानाचा कायदा मोडायला तीस नावं आली. विड्या वळणाऱ्या सहा बायका. त्यांत भीमाक्का, साठीची.

८ मे, जांबोटी
लिहवत नाही, तरी लिहितो.
कायदा मोडायला रानात निघताना भीमाक्काच्या काखेत पाण्याची कळशी. मी सर्वांसमोर म्हणालो, "आक्का, ज्या रानासाठी लढायचं त्याच्यावरच भरवसा न्हाय व्हय?" सगळे हसले. तीही हसली, कळशी देवळाच्या पायरीवर ठेवली. भैरू काहीतरी सांगू पाहत होता. मी घोषणा दिली.
बाराच्या सुमारास ऐनापाशी. झाड कोवळ्या पानांनी भरलेलं. कोयता मारला. कोरडं. दुसरा घाव, तिसरा. मग दुसरं झाड. अशी अकरा. शेवटी भैरूने मनगट धरलं. "पुरं करा. दुपारचं पानी पानांनी वर ओढल्यालं असतंय. खोडाकडं काय मागताय?"
तेवढ्यात भीमाक्का मटकन बसली, मग आडवीच झाली.
आम्हाला पकडायला आलेल्या जंगल गार्डाने आपला भोपळ्याचा तुंबा तिच्या तोंडाला लावला. होतं तेवढं सगळं पाणी पाजलं. पकडलं कुणालाच नाही. "म्हातारीला सावलीत घ्या आधी," म्हणाला, नि रिकामा तुंबा हलवत गेला.

११ मे, बेळगाव
आमचे चिटणीस अण्णा भर सभेत म्हणाले, गार्डाने तहानलेल्या म्हातारीला पाणी नाकारलं. धिक्कार, धिक्कार. ठराव: जांबोटीत त्याच्या घराशी विस्तव-पाणी बंद. हात वर झाले. माझा अर्धा.
अर्धा कसला. पूर्ण होता.
उठल्यावर अण्णांना बाजूला घेतलं. तसं घडलं नाही, म्हणालो. "मास्तर, मला कुनी सांगितलं ते मी बोललो. तुम्ही शेजारी बसून गप्प होता की."

१३ मे
वाचनालयात वनस्पतिशास्त्राचं इंग्रजी पुस्तक काढलं. उजाडलं की पानांची सूक्ष्म तोंडं उघडतात, वाफ बाहेर जाते, आणि तेवढं पाणी मुळापासून एका अखंड धाग्यासारखं वर ओढलं जातं. दुपारी ओढ इतकी की खोड केसभर आकसतं. दिवस मावळला की ओढ सैल. मुळं हळूहळू भरून काढतात. पहाटे खोड तट्ट.
समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'भाषणास उपयुक्त.' अक्षर माझंच, जुनं.

१५ मे, जांबोटी
गार्डाच्या बायकोला विहिरीवर येऊ देत नाहीत. पाऊण कोसावरच्या ओढ्यावरून पाणी आणते. वाटेत दिसली. मी मान खाली घातली.
भैरूला म्हणालो, तू तर तिथे होतास, लोकांना सांग. "सांगितलं की. म्हनत्यात, मास्तरांनी हात वर केलता, तू शाना झालास व्हय."
अकराही झाडांचे घाव त्याने एकट्याने बुजवलेत. मला दाखवले नाहीत, मीच जाऊन पाहिले. एका झाडावर माझे पाच घाव. शेंडा वाळायला लागलाय.
भीमाक्का त्याच्याच ओसरीवर, अजून अशक्त. म्हणालो, "आक्का, चुकलं माझं."
"मला सांगून काय उपेग? मला म्हाईत हाय पानी कुनी पाजलं ते. सभंत खोटं बोललं ना, मग सभंतच सांगा." मग म्हणाली, "आनि माझी कळशी देवळात हाय का बघा. आईची हाय ती."
कळशी होती. आणून दिली. एवढंच जमलं.

१८ मे, निपाणी
सभा पाचला, वखारीमागेच. अण्णांची चिठ्ठी: गार्डाचा विषय काढू नये, लोक उठून जातील, चळवळ बसेल. जातीलही. अण्णा वाईट माणूस नव्हे.
पहिलं वाक्य चार वेळा लिहिलं. चारही वेळा झोकदार झालं, म्हणून खोडलं.
खिडकीतून मांडव दिसतो. भीमाक्का कालच गाडीतून परत आली म्हणे. पुढच्या रांगेत बसली आहे, मांडीशी कळशी, कळशीच्या तोंडावर ओलं फडकं. बोलायच्या आधी मी पाणी मागतो, ते तिला ठाऊक आहे.
माझं नाव पुकारलं. अण्णांची चिठ्ठी इथेच ठेवून निघतो.