निरोगी नमुना

प्रिय छोट्या,

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. सोमवारी माझी तपासणी आणि सगळं जुळलं तर महिन्याभरात ऑपरेशन. ताईची किडनी घेतली की आयुष्यभर ताईची बोलणी पोटात, असं तू फोनवर म्हणालास. खूप हसले मी. फोन ठेवला आणि मात्र हे पत्र लिहायला बसले.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या काय चाललंय, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. मधुमेहात किडनी आतल्या आत धुमसत असते. त्या दाहात एक एन्झाइम वाढतं आणि लघवीत उतरतं, कधी कधी तर बाकीचे रिपोर्ट छान असतानाच. ते आम्ही मोजतो. पेशंटच्या नमुन्यांशी ताडून बघायला रोज एका निरोगी माणसाचा नमुना लावायचा असतो, आणि तो दर वेळी वेगळ्या माणसाचा हवा. पण सकाळी सकाळी कोणाच्या विनवण्या करायच्या? दोन वर्षं मी माझाच लावत आले. साहेब चिडवायचे, बाई, तुम्ही म्हणजे आमचं प्रमाण!

चार महिन्यांपूर्वी त्या निरोगी नमुन्याचा आकडा चढू लागला. मी रसायनाची बाटली बदलली. यंत्रवाल्याला बोलावून झाडलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी, नळ्या नीट धूत नाही म्हणून, कडाक्याचं भांडले. आकडा चढतच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्याच दिवसांत तुझी बायको किडनी देते म्हणत होती. मुलं लहान आहेत, तू राहू दे, माझ्यामागे कोण आहे, असं म्हणून मीच तिला अडवलं. तिने तपासण्या अर्धवट सोडल्या.

परवा त्या शेजारच्या बाईंचाच नमुना लावून पाहिला. आकडा सरळ खाली आला. मग मी माझं रक्त काढून साखर बघितली. तीनशे दहा. पुन्हा काढलं, तरी तेच.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. माझी किडनी तुला देता येणार नाही. मी घाबरलेय रे, आणि तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय. तू डायलिसिसवर काढलेले चार महिने मी यंत्राशी भांडण्यात घालवले. हे पत्र तुझ्या बायकोला वाचून दाखव आणि सोमवारी माझ्या जागी तिला घेऊन जा. ती अजून तयार आहे का, हे तिला विचारायचं तोंड मला उरलेलं नाही.

तुझीच,
ताई