खुशीच्या गालावरचे आबा

प्रिय खुशी माय,

तू साकोलीले जाऊन आठ दिवस झाले, पण तुझं हसू अजून घरात वाजून राहिलं. आज आंगणात झिंगे वाळत टाकले अन् आठवलं, निवडता निवडता मूठभर कच्चेच खाल्ले होते तू! मी चौथीच शिकली, अक्षर वाकडं आहे, आईकडून वाचून घे. नाही, नको, तूच वाच. तुझ्या आईसंग मी बोलून नाही राहिली.

काहून, सांगतो. गणपतीत तुझ्या गालावरच्या जन्माच्या लाल डागावर जांभळे गोल ठिपके दिसले, त मी विचारलं. तुझी आई रेणू म्हणे, किडा चावला. तुझा बापही म्हणे, हो, किडाच. मी येडी, हळद उगाळून लावली, अन् तलावावर बायांले सांगत सुटली का साकोलीत किडे लय झाले. दिवाळीत डाग फिका दिसला, त म्हणे मलम लावतो. अन् यावेळी तूच बोलून गेली, नागपूरचे डाक्टर काळा चष्मा लावून देतेत, डागावर लेझर मारतेत, रबर तडकल्यावानी लागते, मग जांभळे ठिपके उठतेत. सगळ्यायले माहीत, मलेच नाही. पोटच्या पोरानं मले हळद उगाळू देली!

तुझे आबा गेले तेव्हा कपाळ पुसायच्या आधी मी माझं कुंकू बोटानं त्यांच्या गालाले लावलं होतं. आपल्या घरात लावतेत, माणूस परत जन्माले आला त ओळखू यावा म्हणून. वर्षानं तू आली, लाल गाल घेऊन. मी गावभर साखर वाटली, तुले आबाच म्हणत गेली. अन् माझ्या आबाले पुसाले नेलं, मले न विचारता! म्हणून रडली मी, भांडली, तेही तुझ्यासमोर.

काल रेणूचा फोन मी उचलला नाही, त तिनं शेजारच्या रुखमिणीले लावला. तू म्हणे सोमवारी नागपूरले जायले तयार नाही. आबा निघून जातीन, मग आजी माझे लाड नाही करणार, असं म्हणते. खुशी, कोणाले नाही सांगितलं ते तुले सांगतो. कुंकू मी उजव्या गालाले लावलं होतं. तुझा डाग डाव्या गालावर आहे. पाळण्यातच दिसलं मले, अन् मी चूप राहिली. त्यांच्या किड्याची गोष्ट चार महिन्यांची, माझी आठ वर्षांची. तू सोमवारी जाय बेटा. रविवारच्या एसटीनं मी येतो, बाजूले बसतो. आईले सांग, झिंगे आणून राहिली.

तुझीच, आबांची नाही, तुझीच,
जिजाआजी